नुसती चीडच चीड

लेक परदेशातल्या एका बेटावर पोचली आणि फोनवर म्हणाली, "आई, इथं नुसती चीडच चीड आहे." सातासमुद्रापार नोकरीला गेली नि गेल्यागेल्याच संताप? "कोणाशी भांडलीस? साहेबाशी?" मी विचारलं. ती खोखो हसत सुटली. "अगं, चीड का पेड़! पाइनचं झाड!" झाशीतल्या आमच्या मुलींचं हे असंच. बोलायचं मराठीत, झाडंझुडपं सगळी हिंदीतली.

त्या झाडांच्या बियांवर जगणारा एक निळा पक्षी आहे. जगात तेवढ्या एका बेटावर, तेही डोंगरावरच्या चिडाच्या रानातच. वणव्यात रान जळालं, पक्षी थोडे उरले. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून दुसऱ्या डोंगरावरच्या चिडांत सोडायची, हे हिचं काम. "यंदा सोडलेल्यांतल्या एकीनं तरी घरटं बांधायला हवं," ती म्हणाली. "नाहीतर काम बंद. मग मी घरी."

खरं सांगते, मला आनंद झाला. मी तिच्या खोलीतला कूलर दुरुस्त करून घेतला, वाळ्याची नवी खस लावली. शेजारच्या भाभीजींनी "बिन्नू कबै आ रईं?" असं बुंदेलीत लेकीबद्दल विचारलं की मी सांगे, "बस, गर्मियों में." पाखराचं वाईट चिंतलं नाही, पण त्याच्यासाठी देवापुढे हातही जोडले नाहीत.

तरी रोज फोनवर माझा पहिला प्रश्न तोच, "बांधलं का?" लेक फोटो पाठवायची. मादी निळी नसते, मातकट असते. फोटोतल्या मादीच्या पायात ओळखीची लाल कडी. चोचीतली काडी तिनं टाकून दिलेली दिसली की माझा जीव जळायचा. "काय बाई आळशी!" मी करवादायचे. आमचे हे विचारायचे, "तू नक्की कोणाच्या बाजूची?" त्या दिवशी त्यांना चहा गारच मिळायचा.

मे महिन्यातल्या भर दुपारी, बाहेर लूच्या झळा सुरू असताना, व्हिडिओ कॉल आला. लेक नुसती हसत-रडत होती. मग तिनं फोटो दाखवला. उंच फांदीवर वाटीएवढं घरटं आणि काठावर उभी ती लाल कडीवाली! मी "बांधलं, बांधलं!" ओरडत उठले. ह्यांना तशा उन्हात सदर बाजारात पिटाळून पेढे आणवले आणि तडक भाभीजींचं दार वाजवलं.

त्यांनी पेढा तोंडात टाकला नि विचारलं, "का, बिन्नू आ रईं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "नहीं भाभीजी," मी म्हटलं, "अब नहीं आ रही." लेकीचं न येणं मी इतक्या आनंदानं कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.