स्क्रीनच्या कोपऱ्यातली टिकली

"काका, आधी घरी मोडून बघा," असं ती म्हणायची. घर म्हणजे स्वतःचा लॅपटॉप.

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या आमच्या ऑफिसात ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि माझी गुरू. पुण्यात मी उभी हयात सर्व्हर सांभाळण्यात घालवलेली. इथे सगळं काम कंटेनरवर गेलेलं आणि माझी तीन महिन्यांची ट्रायल चालू. तेवढ्यात जमलं नाही तर नोकरी जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणून रोज लंचला पोळीभाजी खाता खाता ती शिकवायची.

"कंटेनर म्हणजे डबा. एका प्रोग्रामचा सगळा संसार एका डब्यात. तीन डबे चालू ठेव, असं फाइलीत लिहून द्यायचं. क्लस्टर, म्हणजे हे डबे चालवणारी यंत्रणा, ते पाळतो. आता एक मारा."

मी भीतभीत माझ्या लॅपटॉपवरच्या छोट्या क्लस्टरमधला एक डबा बंद केला. क्षणात दुसरा उभा राहिला.

"स्वीट ॲज! एकदम झकास!" माझा चेहरा बघून ती खळखळून हसली.

मात्र दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट चालवणाऱ्या खऱ्या क्लस्टरला जोडलं, की स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल टिकली लावायची, हा तिचा दंडक. दोन्हीकडची खिडकी सारखीच दिसते ना! आमचे किवी सहकारीसुद्धा निमूट टिकल्या लावत. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही हसू आवरलं नसतं.

एकदा मी विसरलो. घरचाच क्लस्टर समजून सगळं पुसलं, डबे आणि 'तीन ठेव' हा हुकूमही. मग नवा डबा उठणार कसा? दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट ठप्प. मी तिला हाक मारली. तिने जपून ठेवलेल्या फाइली पुन्हा क्लस्टरला दिल्या, तेव्हा कुठे डबे एकेक करून उठले.

मॅनेजरसमोर ती माझ्याआधी बोलली. "टिकलीवर भागवायला मीच शिकवलं. खरं तर एवढं पुसायची परवानगी कुणाला असायलाच नको होती. ते काम माझ्याकडून राहिलं."

माझी नोकरी वाचली. बाहेर येऊन मी आभार मानायला लागलो, तर म्हणाली, "अहो काका, पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. टिकली तेव्हापासूनची."

गेल्या महिन्यात ती नव्या नोकरीसाठी पोरिरुआला गेली. जाताना टिकल्यांचं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेली. तिची फार आठवण येते.

आता परवानग्या तिनेच बंद करून ठेवल्यात; ती चूक पुन्हा होऊच शकत नाही. तरी खऱ्या क्लस्टरला हात लावण्याआधी मी टिकली लावतो.