क्वार्कची खोटी

आमच्या सरांइतकी दुसऱ्याची खोटी कुणी केली नसेल. खोटी म्हणजे कुणाला वाटेत अडकवून ठेवणं. आमच्या डहाणूकडे मराठी काय नि गुजराती काय, शब्द हाच. सर नरपडच्या घरून कॉलेजला निघाले की बोंबील सुकवणाऱ्या बायकांपासून रिक्षावाल्यांपर्यंत प्रत्येकाशी बोलत यायचे. भौतिकशास्त्राचा दहाचा तास सव्वादहाला सुरू व्हायचा.

आणि संशोधनाला विषय निवडला तोही हाच! अणुकेंद्रातून आरपार जाताना क्वार्क नावाच्या अतिसूक्ष्म कणाची ऊर्जा किती झपाट्याने कमी होते? "अगं, गावातून गेलीस तर चार जण थांबवतात, बाजारातून गेलीस तर चाळीस. हलक्या अणूत क्वार्कची खोटी कमी, भारी अणूत जास्त. पण किती, ते सांग!" मोठ्या प्रयोगशाळांनी छापलेली मोजमापं घेऊन ते गणितं मांडत बसायचे. एकदा फळ्यावर 'क्वार्कची खोटी' वाचून बाहेरगावचे पाहुणे दचकले, "म्हणजे क्वार्क खोटे आहेत?" सर इतके हसले की हातातला खडू पडला.

मी चिखल्याची, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करताना माझ्या लक्षात आलं, की भारी अणूतून कण कमी निघतात, त्याचं सगळं खापर सरांनी खोटीवर फोडलंय. भारी अणूत क्वार्कमधली ऊर्जेची वाटणीच मुळात वेगळी असते, त्यानेही कण कमी निघतात. तेवढं वजा केलं तर सरांचा आकडा खऱ्या आकड्याच्या तिप्पट ठरत होता. त्याच आकड्यावर सरांचं नाव झालेलं, आणि प्रबंधावर सही त्यांचीच लागणार. मी आपलं गुळमुळीत लिहिलं, 'काही जुने अंदाज थोडे जास्त असावेत.'

मसुदा वाचून सर कडाडले, "काही म्हणजे कोण? आणि तिप्पट म्हणजे थोडे?" लाल पेनने वाक्य खोडलं, तिथे स्वतःचं नाव घातलं, पुढे लिहिलं, 'यांचा आकडा चुकला.' आणि खाली सही ठोकली.

"वाईट वाटलं ना, सर?"

"वाटणारच! वीस वर्षं मिरवलाय तो आकडा. पण गणित तुझं बरोबर आहे."

पुढे काही वर्षांनी सर वारले. आता त्यांच्या जागी मी शिकवते. परवा माझ्या विद्यार्थिनीने माझ्याच आलेखातली चूक दाखवली आणि मी तिच्यावर खेकसले. पोरगी रडवेली होऊन निघून गेली. मग धावत जाऊन तिला एसटी स्टँडवर गाठलं, चारचौघांत माफी मागितली. 'चूक माझीच' एवढं म्हणायला तीनदा सुरुवात करावी लागली. तेव्हा कुठे मला कळलं, त्या दिवशी सरांना ती सही करताना किती जड गेलं असेल.