काकांची चावी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका नम्रपणे भांडणारा माणूस गिरणगावात दुसरा झाला नाही, आणि नम्रपणाचा इतका त्रासही कोणी कोणाला दिला नसेल. काका एखाद्यावर खरोखर संतापले की आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करत, मग त्याच्या आईवडिलांची, मग पावसापाण्याची. आणि एवढं झाल्यावर समोरचा माणूस इतका घाबरलेला असे, की मूळ मुद्दा येण्याआधीच तो कबूल करून मोकळा होई. भोईवाड्यातल्या त्यांच्या चाळीत नळावरची भांडणं त्यांच्याकडे न्यायला बायका कचरत. नळाचा निकाल पाच मिनिटांत लागे, पण तोवर दोन्ही बाजूंना एकमेकींच्या मुलांच्या परीक्षांबद्दल विचारावं लागे.

काका तरुणपणी गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचं काम. प्रत्येक ताग्यावर विणणाऱ्याचा नंबर पडे. तपासणीत दोष सापडला की नंबर बघून माणसाला बोलावत, कापड त्याच्यापुढे धरत आणि चारचौघांत त्याची शोभा करत. "नंबर पायजेच," काका म्हणत. "ज्यानं विणलं त्याचं नाव कापडावर पायजे. पण ती शोभा नको होती." संप झाला, गिरणी मागे पडली, पुढे तिचं दारही बंद झालं. काकांनी थोडे दिवस सोसायटीवर पहारा दिला आणि मग वयाच्या चाळिशीत टायपिंग शिकून परळच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि गणपती मंडळांचे अहवाल जुळवायला बसले. तिथे एके दिवशी त्यांनी पाहिलं, की कंप्युटर त्यांच्या प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढतोय. "आमचं आख्खं कार्यकारी मंडळ लाल," ते मला सांगत आले. "खजिनदारापासून कार्याध्यक्षापर्यंत. एक माणूस शुद्ध नाय."

या रागातून ते जिथे पोचले ती जागा मला तेव्हा ठाऊक नव्हती. मराठी शब्द तपासणारं एक सॉफ्टवेअर काही हौशी माणसं मिळून बनवत होती. कोणाच्या मालकीचं नाही, कोणालाही उघडून बघता येईल, दुरुस्त करता येईल, फुकट नेता येईल असं. नागपूरचा एक, लातूरचे दोघं, जर्मनीत राहणारी एक बाई, सगळे आपापली नोकरी सांभाळून मोकळ्या वेळात हे करत आणि एका ईमेलच्या यादीवर एकमेकांशी बोलत. काका तिथे शब्द सुचवायला म्हणून गेले आणि चारेक वर्षांत सगळ्या कारभाराचे प्रमुख झाले, कारण इतर कोणालाच आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायची हौस नव्हती. मूळ शब्दयादीत बदल करायचा अधिकार चार-पाच जणांकडे असे. त्याला काका 'चावी' म्हणत. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे व्याकरणाची शंका विचारायला त्यांनी मलाही त्या ईमेलच्या यादीवर ओढलं होतं.

त्यांची पत्रं हा एक स्वतंत्र प्रकार होता. लोक दोन शब्दांत लिहीत, 'हे चालत नाही'. काका 'सप्रेम नमस्कार'पासून सुरुवात करत आणि शेवटी पूर्ण नाव, चाळीतला खोली क्रमांक आणि 'देवळाच्या मागे, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे' असं लिहीत. निनावी माणसाशी बोलायचं नाही आणि आपणही निनावी राहायचं नाही, हा नियम. जर्मनीतल्या त्या बाईंना परळ स्टेशनवरून भोईवाड्यात कसं यायचं हे तोंडपाठ झालं असेल. नागपूरचे गृहस्थ तर एकदा खरंच आले, पिशवीत कंप्युटर घेऊन, चूक प्रत्यक्ष दाखवायला. मावशीने त्यांना घावणे घातले, चूक दुपारी सापडली. गावी जाताना काका यादीवर रजा टाकत: 'सोमवार ते शनिवार गावी. भातलावणी. या काळात चुका सापडल्यास त्या तशाच असू द्याव्यात.'

स्वतःच्या चुकीच्या बाबतीत ते भयंकर होते. एकदा त्यांच्या हातून 'आशिर्वाद' असा ऱ्हस्व शब्द शब्दयादीत गेला आणि लग्नसराईभर तसाच राहिला. कळल्यावर त्यांनी यादीवर जाहीर कबुली दिली, ती ठीक. पण मग दोन दिवस परळ, लालबाग, नायगावातल्या छापखान्यांत पायी फिरून प्रत्येकाची माफी मागितली. एक छापखानेवाले म्हणाले, "अहो, पण आमच्याकडे तुमचं सॉफ्टवेअरच नाही." काका म्हणाले, "तरीपण."

रागाचं पत्र मात्र ते लगेच पाठवत नसत. ते लिहायचं, ठेवून द्यायचं आणि एक पाळी, म्हणजे आठ तास, मुरू द्यायचं. आठ तासांनी ते परत उघडत आणि खोडायला बसत. पुष्कळदा शेवटी 'सप्रेम नमस्कार' आणि 'कळावे' एवढंच उरे, आणि तेही ते पाठवत. मावशी आतून मला म्हणे, "ह्येंका इचार, जेवतले की नमस्कारच खातले?"

या सगळ्यात आमच्याकडे दादरचा निखिल होता. पस्तिशीचा, मोठ्या कंपनीत नोकरी, आणि बुद्धीने असा तल्लख की 'घरातल्यांनासुद्धा' यासारखा लांबलचक शब्द सोलून त्यातलं 'घर' कंप्युटरला कसं सापडेल, हे फक्त त्यालाच जमत होतं. बोलायला मात्र विळा. त्या वर्षी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेने आमचं सॉफ्टवेअर आपल्या सगळ्या शाळांत बसवायचं ठरवलं होतं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत नवी आवृत्ती हवी होती, आणि तिचं निम्मं काम निखिलकडे होतं.

एप्रिलमध्ये यादीवर भारती नावाच्या एका मुलीचं पत्र आलं. कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहणारी, तिथल्याच मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत लिखापढी करणारी. तिने त्रेसष्ट माशांची नावं पाठवली होती, कारण आमचं सॉफ्टवेअर त्यांतली बहुतेक सगळी चूक दाखवत होतं. यादी ठरलेल्या पद्धतीत नव्हती, दोन-तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ इकडेतिकडे झालं होतं. निखिलने सगळ्यांसमोर उत्तर दिलं: 'हा शब्दसंग्रह आहे, मासळीबाजार नाही. आधी शुद्ध मराठी शिका, मग पाठवा.' भारतीची एक ओळ आली, 'ठीक आहे. नावं काढून टाका.' आणि ती गप्प झाली.

काकांनी निखिलला फोन लावला. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. तब्येत, आईवडील, ऊन, सगळं विचारून झालं.

"निखिलराव, त्या मुलीला दोन शब्द लिहा. चुकलं म्हणा."

"काका, मी ऑफिस सांभाळून रोज दोन-तीन तास यात घालतो. फुकट. मी कोणाला बांधील नाही."

"फुकट करता म्हणूनच सांगतो. पगार असता तर शिव्या पगारात धरल्या असत्या. ती पण फुकटच आली होती."

"मग दुसरा माणूस शोधा." निखिलने फोन ठेवला.

काकांनी आठ तास वाट पाहिली आणि मग यादीवर शांतपणे लिहिलं, की निखिलरावांची चावी महिनाभर बंद, त्यांचं काम मोलाचं आहे, महिन्याने त्यांनी अवश्य परत यावं. लोक हादरले. लातूरकर म्हणाले, जून कसा गाठणार? त्यावर निखिलचं भलंमोठं पत्र आलं. त्यात बाकी काय होतं ते विसरले, पण एक वाक्य होतं: 'गिरणी बंद पडली तरी काहींची मुकादमी सुटत नाही.'

आणि काकांनी हे पत्र मुरू दिलं नाही. तिथल्या तिथे, माझ्यादेखत, टकाटक उत्तर लिहिलं: 'तुमच्यासारख्या माणसाला एवढी हुशारी दिली, इथे देवाचंच शुद्धलेखन चुकलं.' पाठवून दिलं.

यादीवर दिवाळी झाली. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी काकांची पाठ थोपटली. जर्मनीहून हसरे चेहरे आले. मी ते कौतुकाने वाचून दाखवत होते आणि काका खिडकीशी बसून ऐकत होते. सहाव्या पत्रानंतर म्हणाले, "बाय, पुरे. वाचू नको." त्या दिवशी ते जेवले नाहीत. मावशीने विचारलंही नाही.

सकाळी त्यांचं पत्र गेलं. 'काल मी एका कार्यकर्त्याचा जाहीर अपमान केला. त्यांना जो नियम लावला तोच मला. आजपासून महिनाभर माझी चावी बंद. त्यांचा कालचा दिवस त्यांच्या शिक्षेत धरावा, माझा मात्र आजपासून मोजावा. चावी माझ्या भाचीकडे राहील.'

भाची म्हणजे मी. मी फोन करून म्हटलं, "काका, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच तू. तू हातच लावणार नायस, मग बिघडवशील काय?"

त्या रविवारी ते मला घेऊन मच्छीमार नगरात गेले. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. भारती आईबरोबर वाळलेले उतरवत होती. काकांनी नमस्कार केला, नाव सांगितलं, खोली क्रमांकही सांगितला आणि म्हणाले, "तुमचा अपमान झाला त्याची माफी मागायला आलो. दार माझ्या ताब्यात होतं."

भारतीने हातातले बोंबील टोपलीत टाकले. "तुम्ही कशाला मागता? बोलला तो कुठं हाय?"

"त्याला नाय आणता येणार. ओढून आणलं तर ती माफी नव्हे, हजेरी झाली."

"मग ऱ्हाऊ दे." तिने टोपली सावलीला सरकवली. मग म्हणाली, "काका, मला कोण काय बोललं त्याचं मला काय नाय. बंदरावर याहून जास्त ऐकतो आम्ही. पण ती नावं माझ्या आईनं टाईप केली होती. साठीला शिकली ती, माझ्या कचेरीत बसून. खाली लाल रेघ आली की म्हणते, मीच चुकले असेन. चाळीस वर्सं मासे विकते, आणि कंप्युटर तिला सांगतो तुझा शिंगाळा चुकला."

आई मांडवापलीकडून म्हणाली, "शिंगाळा काय चुकल? मीच चुकले असन."

परतताना काका बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले. मांडीवर भारतीच्या आईने बळेच दिलेली सुक्या बोंबलांची पुडी होती आणि शेजारच्या सीटवरचे गृहस्थ उठून उभे राहिले होते, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

मे महिना सरत आला. काकांची चावी माझ्याकडे, निखिलची बंद, आणि त्याचं काम बाकीच्यांना जमेना, म्हणजे काम ठप्प. शाळांच्या संस्थेला आम्ही उशीर होईल असं कळवलं. आणि मग एका दुपारी यादीवर निखिलचं पत्र आलं. त्रेसष्ट नावं, ठरलेल्या पद्धतीत, प्रत्येकाची रूपं चालवून: शिंगाळ्याला, शिंगाळ्यांचे, मांदेलीत, मांदेल्यांसकट. वर लिहिलं होतं: 'भारती यांस. मासळीबाजार हा शब्द मी वाईट अर्थाने वापरला. चूक माझी. काकांनी स्वतःची चावी काढली तेव्हा मला आधी हसू आलं, नंतर आलं नाही. एक शंका: जवळा आणि करंदी एकच का? आमच्या घरी खात नाहीत.'

भारतीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'वेगळे. रविवारी या, दाखवते. आई पण असेल.'

निखिल गेला. पिढ्यान् पिढ्या अंड्यालासुद्धा न शिवलेल्या घरातला तो माणूस नाकाला रुमाल न लावता दोन तास मांडवाखाली उभा राहिला, असं भारतीनेच मला नंतर सांगितलं. रुमाल खिशात होता, हात दोनदा खिशापर्यंत गेला, पण बाहेर आला नाही. आईने त्याला जवळा ओंजळीत दिला आणि शिकवलं. शाळांना आवृत्ती जुलैत मिळाली. कोणाचं काही अडलं नाही.

त्याआधीच, काकांचा महिना संपल्यावर, मी चावी परत द्यायला गेले, म्हणजे मला लिहून दिलेला परवलीचा शब्द त्यांच्या हाती ठेवायला. तेव्हा मी विचारलं, "एका वाक्याचं एवढं काय काका? त्याने तुम्हाला कमी बोललं होतं का?"

काका बराच वेळ तो कागद घडी करत राहिले. मग म्हणाले, की संपात त्यांच्या शेजारच्या मागावरचा एक गाववाला होता. एकाच खोलीत दोघं राहत. आठ-नऊ महिने झाले, गावी बायको आजारी, तो कामावर जायला निघाला. गेटवर शंभर-दीडशे माणसं उभी होती. "मी एक वाक्य बोललो. काय ते विचारू नको. सगळे हसले. माझ्या पाठीवर थापा मारल्या. तो तिथूनच मागे फिरला, कामावर गेला नाय, आणि चार दिवसांनी वळकटी घेऊन गावी गेला. मला वाटलं मी संप वाचवला." त्याचं गाव काकांच्या गावाच्या पुढच्याच थांब्यावर होतं. "इतक्या वर्सांत एकदा पुढं जाऊन उतरलो नाय."

आता काका गावीच असतात. नजर कमी झाली, चावी भारतीकडे गेली, आणि तिचा कारभार काकांपेक्षा चौपट जलद आहे. गेल्या पावसाआधी त्यांचं मला एकटीला पत्र आलं, शाळेत, मधल्या सुट्टीत. ते त्या पुढच्या थांब्यावर उतरले होते. गाववाला सहा वर्षांपूर्वीच गेला होता. त्याची बायको घरी होती, ती उभी राहून ऐकत राहिली, आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "ह्यां तेंका सांगूक व्हया होता, ते जित्ते असताना."

परतीच्या बसला दीड तास अवकाश होता. आभाळ भरून आलं होतं आणि अंगणात फोडलेली लाकडं पसरलेली होती. काकांनी ती एकेक उचलून पडवीत रचून ठेवली. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'लाकडं बरीच होती. बरं वाटलं.'