बाराने भागलेला पगार

नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी आप्पांनी सगळ्यात आधी काय केलं, तर त्यातल्या वर्षाच्या आकड्याला बाराने भागलं. कागद शोधत बसले नाहीत. कानावरची पेन्सिल काढली आणि दारामागच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकोनाशेजारी गणित मांडलं. उत्तर आलं तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईकडे वळून म्हणाले, "झालं. आता सुटलो."

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर सीमाभागातल्या पिरनवाडीत आणि आप्पांचं काम उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत. ते पॅटर्न करतात. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो, तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा. मग त्यावरून वाळूत साचा उठवतात आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. तीस वर्षं लाकडाचा भुसा आणि फौंड्रीची धूळ छातीत घेतल्यावर जे व्हायचं ते झालं होतं. थंडी सुरू झाली की त्यांचा खोकला आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, या धुळीतून बाहेर पडा. पण बाहेर पडून खायचं काय, याचं उत्तर घरात नव्हतं. मला भाऊ नाही, मी एकटीच. त्यामुळे ते पत्र आलं आणि उत्तर मीच झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्राची झेरॉक्स फौंड्रीत नेऊन सगळ्यांना दाखवली आणि मालकांना सांगून टाकलं की यंदाच्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणार आणि ती हत्यारं पिशवीत भरून घरी आणणार, कायमची. जून सुरू होता. खंडेनवमी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे त्या पत्रातली मुलगी व्हायला माझ्याकडे चार महिने होते.

बेंगळूरला मी सकाळी उतरले ती शेंगाच्या चटणीचा डबा, कडक भाकऱ्यांची चवड आणि प्रचंड आत्मविश्वास घेऊन. राज्य आपलंच, कन्नड येतं, मग भ्यायचं कशाला, असा माझा हिशेब. रिक्षावाल्याशी कन्नडात बोलले तर त्याने आरशातून बघत विचारलं, हुबळीकडच्या काय? पीजीच्या मालकीणबाईंनी माझं एक वाक्य पूर्ण ऐकून घेतलं आणि उत्तर हिंदीत दिलं. मी कन्नडात, त्या हिंदीत, असा आमचा संसार पुढे चार महिने चालला आणि त्यात कोण कुणावर उपकार करत होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

डिपॉझिट म्हणून त्यांनी जी रक्कम मागितली, तेवढ्यात पिरनवाडीत आमच्या शेजारच्यांनी वरचा मजला चढवला असता. मी हसले. मला वाटलं, थट्टा करतात. मग कळलं, ही सवलतीतली रक्कम आहे. खोलीत दोन खाटा, एक कपाट, आणि खिडकी उघडली की समोरच्या इमारतीतल्या माणसाचा टॉवेल हाताला लागेल एवढं अंतर.

महिना भरला आणि पगार जमा झाला. मोबाइलवरचा आकडा बघितला आणि मला प्रामाणिकपणे वाटलं की हा अर्धाच आलाय, उरलेला उद्या येईल. मी दोन दिवस वाट बघितली. लोक बसची बघतात तशी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी पगाराचं बघणाऱ्या मॅडमकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला आणि एकेक ओळ समजावली. हा फंडात जातो, हा विम्यात, हा आम्ही तुमच्यासाठी भरतो, हा वर्षाच्या शेवटी कामगिरी बघून, आणि हा कंपनीच्या नफ्यावर. इतक्या प्रेमाने सांगत होत्या की मध्येच थांबवणं जिवावर आलं. शेवटी विचारलं, कळलं ना? मी म्हटलं, हो.

मला एवढंच कळलं होतं की यात दोष कुणाचाच नाही. मी तशी तापट. आमच्याकडे भाजीवालीनं वजनात मारलं तरी मी गल्ली गोळा करते. पण इथे गल्ली गोळा करायची ती कुणाविरुद्ध? पत्रात एकही अक्षर खोटं नव्हतं. मी जागेवर येऊन बसले आणि यंत्राचं बटण दाबून फुकटची कॉफी प्यायले. त्या ऑफिसात कॉफी फुकट, फळं फुकट, गारवा फुकट. सकाळी बादलीच्या नंबरावरून भांडून निघालेली मी दहा वाजता काचेच्या इमारतीत किवी नावाचं फळ खात असायचे, आणि मी नक्की गरीब झालेय की श्रीमंत, याचा मला पत्ता लागत नसे.

घरी फोन केला तेव्हा आईनं विचारलं, झाला का पगार? मी म्हटलं, झाला. किती, हे तिनंही विचारलं नाही आणि आप्पांनी तर नाहीच. कॅलेंडरवर लिहिलेलंच होतं. त्यातले निम्मे दर महिन्याला घरी पाठवायचे, असं मी निघताना मोठ्या तोऱ्यात कबूल करून आले होते. कॅलेंडरवरचे निम्मे म्हणजे माझ्या हातात येणारे जवळजवळ सगळे. तरी मी ते पाठवले. का पाठवले, हे आजही नीट सांगता येत नाही. पहिल्याच महिन्यात फोन करून खरं सांगितलं असतं तर आप्पा हसले असते, कॅलेंडरवरचा आकडा खोडला असता आणि विषय संपला असता. पण "आता सुटलो" म्हणताना त्यांचा चेहरा मी बघितला होता. तो मला खोडता येईना.

मग मी दोन खाटांच्या खोलीतून चार खाटांच्या खोलीत गेले. आणि उपवास धरले.

त्याचं असं झालं की आमच्या टीमला दर शुक्रवारी बाहेर जेवायला जायची हौस. बिल सगळ्यांत सारखं वाटायचं, मग तुम्ही सूप प्या नाहीतर अख्खी कोंबडी खा. पहिल्या शुक्रवारी मी गेले आणि पुढचा आठवडा भाकरीच्या तुकड्यांवर काढला. दुसऱ्या शुक्रवारी तोंडातून निघून गेलं, माझा उपवास आहे. सगळे आदराने गप्प झाले. एवढ्या सोप्या सुटकेची मला कल्पना नव्हती. मग कुणाचा वाढदिवस आला, तो सोमवारी, म्हणून सोमवार धरला. कुणाला बढती मिळाली, तो गुरुवार धरला. संकष्टी तर होतीच. दोन महिन्यांत त्या मजल्यावर माझ्याइतकं देवभोळं कुणी उरलं नाही. लोक तिरुपतीहून आले की पहिला लाडू माझ्या टेबलावर ठेवायचे. आमच्या मॅनेजरने तर नवी गाडी कुठल्या दिवशी घरी आणू, हे मला विचारलं. मी गंभीर चेहरा करून बुधवार सांगितला. त्याने खरंच बुधवारी आणली.

हे आठवून हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. तेव्हा भूक लागायची आणि राग यायचा, आणि राग आला की आणखी भूक लागायची. सप्टेंबर संपता संपता मी ठरवलं की खंडेनवमीला घरी जायचं आणि आप्पांनी हत्यारं पिशवीत भरायच्या आधी त्यांना सांगायचं.

घरी पोचले तर आत्या आलेली. आप्पांची धाकटी बहीण, दसऱ्याला दरवर्षी येते. अंगणात कडाकण्या तळायचं चाललं होतं आणि आत्याचं तोंडही. तिचं म्हणणं असं की भाऊ धडधाकट असताना घरी बसणार आणि लग्नाच्या पोरीला कमवायला लावणार, हे तिच्या सासरी तिला सांगताही येत नाही.

"पोरीच्या जिवावर बसून खानार व्हय अण्णा?" ती आप्पांना म्हणाली. "लोकं काय म्हंतील?"

आप्पा पायरीवर बसून पटाशीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली.

"व्हय, खानार," ते म्हणाले. "पोरगा असता तर इचारली असतीस व्हय तू? तिनं मिळवलं, मी खाल्लो. लाज कसली त्यात?"

आत्याचा झारा हातातच राहिला. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, हे वाक्य कुठल्या बापानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माझी मान ताठ झाली. सांगायचं म्हणून आले होते, ते त्या रात्री सांगणं शक्यच नव्हतं.

सकाळी आप्पा मला मोटारसायकलवरून फौंड्रीत घेऊन गेले. भट्टी बंद होती, मशिनं धुवून झेंडूच्या माळा घातलेल्या, दाराशी कोहळा मांडलेला. मालक अकराला येणार होते आणि पूजेनंतर आप्पांना शाल-नारळ देणार होते. तोपर्यंत आप्पा मला त्यांच्या पत्र्याच्या खोलीत घेऊन गेले. चारी भिंतींवर पॅटर्न टांगलेले. नवी कामं आता कॉम्प्युटरवर कापून येतात, पण जुन्या गिऱ्हाइकांची अजून आप्पांकडे येत. त्यांनी एक पुलीचा पॅटर्न काढला, शेजारी तीच ओतून आलेली लोखंडी पुली ठेवली आणि मला म्हणाले, फरक सांग. लाकडाची किंचित मोठी होती.

"लोखंड थंड झालं की आकसतंय बाळ," ते म्हणाले. "त्याला श्रिंकेज म्हंतात. तेवढं धरून लाकूड मोठंच करायचं. न्हाईतर माल हातात येतो तवा कमी भरतो."

शेवटचा दिवस म्हणून ते मला आपली विद्या दाखवत होते. इतक्या हौसेने दाखवत होते की मला ते सहन झालं नाही आणि मी तिथेच, पुली हातात धरून, सांगून टाकलं. पत्रात आहे तेवढा पगार येत नाही, लई कमी येतो, निम्म्याहून थोडाच जास्त. घरी पाठवते तो जवळजवळ सगळा. खोली बदलली तेही सांगितलं. उपवासांचंही सांगितलं, हसत सांगायचं ठरवून, पण आवाज फुटला.

आप्पांनी माझ्या हातातली पुली काढून घेतली, जागेवर ठेवली. मग म्हणाले, "जलमभर श्रिंकेज धरत आलो. आणि तुझ्या कागदाला सरळ बारानं भागलो." आणि खिशातला रुमाल मला दिला. त्याला लाकडाचा वास होता.

मला वाटलं आता रागावतील, किंवा निदान विचारतील की चार महिने का लपवलंस. मी उत्तरं तयार करत होते. पण बाहेरून हाक आली आणि ते निघाले.

पूजा झाली. कोहळा फोडला, चिरमुरे आणि पेढे वाटले. मालकांनी शाल उघडली आणि आप्पांच्या तीस वर्षांबद्दल चार शब्द बोलले. आप्पांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की शाल ठेवून घेतो, पण जात काही नाही. घरात बसून भिंती बघायचं माझ्यानं होणार नाही, दसरा झाला की कामावर येतो. पोरं हसली, टाळ्या पडल्या. मालक तर खूशच झाले, त्यांना दुसरा पॅटर्नवाला अजून मिळाला नव्हता.

खोटं कशाला सांगू, मला आधी आनंद झाला. अंगावरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं हलकं वाटलं. मी दोन पेढे खाल्ले, चिरमुरे मागून घेतले. चार महिन्यांत मला इतकी मोकळी भूक लागली नव्हती. परत येताना मोटारसायकलवर मी त्यांच्या मागे बसले होते आणि ते खोकत होते, तेव्हा त्यांच्या पाठीचा तो हिसका माझ्या हाताला लागला. मग मला कळेना की मी नक्की कशाचा आनंद मानतेय.

दुपारी जेवायला बसलो. ताटं वाढली होती. आत्यानं विचारलं, झाला का निरोपसमारंभ? आईनं माझ्याकडे बघितलं. मी भातात बोट फिरवत होते. आता आप्पा खरं सांगतील असं मला वाटलं, आणि आत्याच्या तोंडून माझा पगार संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी पोचेल.

"न्हाय सोडलो काम," आप्पा म्हणाले. "तू म्हंतीस तेच बरोबर हाय. पोरीच्या जिवावर बसून खानं बरं दिसत न्हाय."

आत्या फुलून आली. तिनं माझ्या आईला सांगितलं, बघ वहिनी, धाकटी असले तरी माझं ऐकतो. आप्पांच्या ताटात तिनं स्वतःच्या हातानं तूप वाढलं. आप्पा मान खाली घालून जेवत होते. आदल्या दिवशी पायरीवर ज्या वाक्यानं माझी मान ताठ झाली होती, ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी, माझ्यासमोर परत घेतलं होतं. मला ओरडून सांगायचं होतं की हे आप्पांचं मत नाही, हा माझा पगार आहे. पण मग पगार सांगावा लागला असता. मी आत्याकडे आमटी मागितली आणि तिनं वाढलेली आमटी जेवले.