बाजूच्या बाकावर बसू नका

ॲडमिशनच्या दिवसांत आमच्या कॉलेजपाशी दोन टेबलं लागतात. एक गेटच्या आत. त्यावर चकचकीत कापड, पाण्याच्या बाटल्या आणि मागे एकसारखे टी-शर्ट घातलेली आमचीच मुलं. दुसरं रस्त्यापलीकडे, ते आमचं, विद्यार्थी संघटनेचं. पावसाळ्यात रसवंती बंद असते, म्हणून रसवाले काका त्यांचं टेबल आम्हाला वापरायला देतात. त्याला अजून उसाचा वास येतो. वर एक पुठ्ठा उभा केलेला असतो: ‘इथे शिकणाऱ्यांना विचारा. खरं सांगू.’

आतल्या मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेतलेली असते. कुठल्याही प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणायचं. मुलींचं हॉस्टेल? प्रोसेसमध्ये आहे. वारज्याकडे जायला बस? प्रोसेसमध्ये आहे. मी तिसऱ्या वर्षाला आले तरी कँटीन प्रोसेसमध्येच आहे आणि आम्ही टपरीवर वडापाव खातो. यात मुलांचा काही दोष नाही. टर्मवर्कचे मार्क ज्यांच्या हातात, त्यांनी टी-शर्ट दिला की घालावा लागतो. मला दिला तेव्हा मी म्हटलं, माझ्या मापाचा नाही. माप न बघताच म्हटलं.

पहिल्याच दिवशी विभागप्रमुख सर रस्ता ओलांडून आले. पुठ्ठा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“आपण याच कॉलेजात शिकता ना?”

“हो सर.”

“वर्गात कधी दिसला नाहीत.”

“तुम्हीही नाही दिसलात सर.”

ते गेले. माझ्या मैत्रिणीने डोक्याला हात लावला. पण संघटनेची पत्रकं वाटून वाटून मला ही सवय लागली आहे. वाचणारा सिग्नलला उभा असतो, त्याला दिवा हिरवा व्हायच्या आत सांगून मोकळं व्हावं लागतं. मागणी पहिल्या ओळीत. नमस्कार-चमत्कार नंतर, जागा उरली तर.

टेबलाशी बहुतेक आईवडीलच बोलतात. मूल शेजारी उभं राहून मोबाइल बघतं. “हिंजवडीत नोकरीला लागतात का हो मुलं?” हा ठरलेला प्रश्न. मी सांगते, “लागतात. तिथे कोणत्या कामाला लागली तेही आत विचारा, नुसते फोटो बघू नका.” मग मी म्हणते, “काका, शिकणार कोण? त्यांना विचारू द्या.” यावर काही जण रागावून जातात. जाऊ देत.

तर तो फेरीचा शेवटचा दिवस होता. सरकारी फेरीत ज्याला सीट मिळाली, त्याने त्या दिवशी पाचच्या आत कॉलेजात येऊन ती पक्की करायची. नाही केली तर गेली. दुपार कलत आली होती. एक मुलगी एकटीच रस्ता ओलांडून आली. पाठीला सॅक, हातात प्लास्टिकची फाइल. पुठ्ठा नीट वाचून तिने विचारलं,

“ताई, इथे शिकवतात का?”

इतके दिवस बसले होते, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून तिचे वडील घाईघाईने आले.

“अगं चल, आपलं नाव पुकारतील.”

“कुठे बसला होतात काका?” मी विचारलं.

“ते आत, बाजूला बाक आहे ना. स्कॉलरशिपवाल्यांचा. सकाळीच आलोय खडकीहून. बोलावतो म्हणाले.”

“तुमच्यानंतर आलेल्यांचं झालं?”

त्यांनी मागे गेटकडे पाहिलं. “झालं त्यांचं. त्यांची लाइन वेगळी आहे.”

माझं डोकं सणकलं. तो बाक मला माहीत आहे. मीही स्कॉलरशिपवरच शिकते, त्याच बाकावर बसले होते. माझी आई भांडकुदळ म्हणून मी आत आहे, एवढंच. त्या बाकावरून कोणाला बोलावत नाहीत. खिडकीसमोरची रांग संपली की मग त्यांची पाळी. आणि शेवटच्या दिवशी रांग पाचला संपते, खिडकीही पाचलाच बंद होते. कोणी कोणाला हाकलत नाही. यांची फी सरकारकडून उशिरा येते, म्हणून नुसतं बसवून ठेवतात. ‘तुम्हीच वेळेत आला नाहीत’ म्हणायला मोकळे.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला होते. मला म्हणाले, “आमच्याकडे जिथे थांब म्हणतात तिथे थांबायचं असतं. एक पाऊल पुढे टाकलं तर जीव जातो.”

“इथे थांबलात तर सीट जाते काका.”

“वाद नको हो मॅडम. हिला चार वर्षं इथेच काढायचीत.”

“चार वर्षं काढायचीत म्हणूनच.”

मुलगीच म्हणाली, “पप्पा, मी बोलते.” मग माझ्याकडे बघून, “काय बोलू?”

“मागणी पहिल्या वाक्यात. सॉरी सर, प्लीज सर, एक रिक्वेस्ट होती, यातलं काही नाही.”

मैत्रिणीला टेबल सांभाळायला सांगून मी त्यांच्याबरोबर आत गेले. मुलगी बाकाकडे वळली नाही. सरळ रांगेत उभी राहिली. वडील तिच्या मागे, हाताची घडी घालून, जणू तपासणी चालू आहे. रांग मुंगीच्या चालीने सरकत होती. तिचा नंबर लागला तेव्हा घड्याळात फार काही उरलं नव्हतं.

खिडकीतल्या क्लार्कने फाइल उघडली आणि तशीच मिटली. “स्कॉलरशिप ना? बाजूला बसा, बोलावतो.”

“माझी ॲडमिशन आत्ता करा. कागद पूर्ण आहेत.”

“अहो, तुमचं वेगळं असतं.”

“काय वेगळं असतं?”

“पद्धत असते.”

“कुठे लिहिलीय?”

“सगळं लिहिलेलं असतं का?”

“मग मीही तोंडीच सांगते. मी बाजूला बसणार नाही.”

मी शिकवलं होतं फक्त पहिलं वाक्य. बाकीचं तिचं तिचं होतं.

ती हलेना, म्हणून रांगही हलेना. मागून एक गृहस्थ ओरडले, “अहो, करून टाका ना तिचं! पाच वाजले तर आमचं काय?” त्यांना तिची पडली नव्हती, स्वतःची पडली होती. चालेल. आम्ही आंदोलनात असा पाठिंबाही मोजतो.

आवाज ऐकून विभागप्रमुख सर बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

“आपण इथेही?”

“मी रांगेत नाही सर. बघत उभी आहे.”

“बघा. टर्मवर्कच्या वेळी आम्हीही बघू.”

वडिलांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मी जागची हलले नाही. माझेही मार्क त्यांच्याच हातात होते. पण धमकी आली म्हणून कोणी पत्रक परत घेत नाही. सरांनी रांगेवर एक नजर टाकली, तोपर्यंत चार-पाच जणांनी मोबाइल वर धरले होते. “करून टाका,” ते क्लार्कला म्हणाले आणि आत गेले.

शिक्का पडला. तो आवाज बाकापर्यंत गेला असावा, कारण तिथली माणसं एकेक करत उठली आणि रांगेत येऊन उभी राहिली. एक बाई बसूनच होत्या. “आम्ही थांबतो बाई, उगाच कशाला,” असं म्हणत होत्या. त्यांची मुलगी मात्र उठली. त्यांच्यातल्या काहींचं झालं, काहींचं नाही. ज्यांचं राहिलं त्यांनी लेखी कारण द्या म्हणून खिडकी अडवून धरली. त्याचं भांडण अजून चालू आहे आणि आम्ही ते सोडणार नाही.

मी टेबलाशी परत आले तर बापलेक तिथेच थांबलेले.

“ताई, माझा प्रश्न राहिला. इथे शिकवतात का?”

“दोघं जण जीव तोडून शिकवतात. बाकीच्यांकडून मागून घ्यावं लागतं.”

“मग मागू,” ती म्हणाली आणि फाइल सॅकमध्ये टाकली.

वडील पुठ्ठ्याकडे बघत उभे होते. “पुढच्या फेरीला हे टेबल असणार का?”

“असणारच.”

“मग शेवटच्या दिवशी मी रजा टाकतो. तुम्ही इथे बाहेर बसता. त्या बाकापाशी कोणीतरी उभं पाहिजे.”