जी, जिचा, जिला

वरठीला आमच्या शेजारी राहणारी ती बाई नोकरीच्या परीक्षेसाठी इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशावरून इंग्रजी शिकायची. मी शिक्षक, म्हणून अडलं की माझ्याकडे यायची, पण एका जागी बसायची नाही. सारखी उठून फाटकाकडे बघून यायची.

शब्दाच्या अर्थामध्ये ‘हू’ दिसला की चिडायची. "हू म्हणजे कोण ना? मंग हे मलेच काहून विचारून राहिले?"

"हा प्रश्न नाही. हू म्हणजे जी, हूज म्हणजे जिचा."

परवा तिनं ‘विडो’ शब्द काढला आणि बोट ठेवत स्वतःच अर्थ लावला, "अशी बाई, जिचा नवरा मेला."

मी शाबासकी दिली आणि लगेच जीभ चावली. तिचा नवरा कामाला म्हणून परगावी गेला, तो वर्षं उलटली तरी आला नव्हता. मंगळसूत्र काढ, असा तिच्या दिराचा लकडा होता.

संध्याकाळी दीर पुन्हा आला. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "जिचा नवरा मेला तिनं काढावं, भाऊजी. माहा मेला, हे कोणं पाहिलं?"

मग ती हळू आवाजात म्हणाली, "पाहिलं असंल, तर सांगून टाका ना."