चहात बुडवलेली चित्रं

काल ऑफिसच्या कागदांवर चहा सांडला आणि वाळल्यावर त्यांना जो वास आला, त्याने मी थेट अंबरनाथच्या आमच्या चाळीत पोचले. लहानपणी आम्ही पोरं काडेपेटीवरची चित्रं रिंगणात ठेवून चपट्या दगडाने उडवायचो. उडेल ते आपलं. चित्र मात्र रस्त्यावर सापडलेलंच चालायचं. बाबा काडेपेटीच्या कारखान्यात होते, त्यांनी एकदा कोऱ्या चित्रांचा गठ्ठाच आणला. "हे नाय चालत, नवीन आहे," म्हणून मी रडले. ड्युटीवरून आलेला तो माणूस बूटही न काढता उंबऱ्यावर बसला आणि एकेक चित्र उरलेल्या चहात बुडवून फरशीवर घासत राहिला. दुसऱ्या दिवशी पोरांनी ती हुंगली. "चायचा वास येतोय. कटाप!" संध्याकाळी बाबांनी विचारलं, "चालली का गं?" त्यांची बोटं सोलवटली होती. मी म्हटलं, "सगळी." मग काय, दर शनिवारी नवा गठ्ठा, उरलेला चहा आणि डुलक्या घेत घासणारे बाबा. आता कामावरून आल्यावर मला चप्पल काढायचाही कंटाळा येतो. त्यांना तर मी तो खेळ सोडल्याचंही वर्षभर सांगितलं नव्हतं.